बर्लिनमधील प्रबंध आणि करोलबागेतील शाळा

गेल्या वर्षी संस्थेच्या रात्रवर्गात शिकविणाऱ्या एका विद्यार्थ्याचे वडील मजकडे आले. मुलगा एम. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होता. त्याचा प्रबंध अर्धा लिहून झाला होता, आणि दोन महिन्यांत तो परीक्षकांपुढे मांडावयाचा होता. "सर, कौमची खिदमत चांगली, पण माझा मुलगा नापास झाला तर कौम त्याला नोकरी देणार आहे काय?" असा त्यांचा रोखठोक सवाल होता. मुलाचे म्हणणे निराळे होते. दहावीची दहा-बारा मुले त्याच्या गणितावर अवलंबून होती, त्यांना मार्चच्या तोंडावर सोडायचे कसे? त्या वेळी मी दोघांनाही पटेल असे उत्तर देऊ शकलो नाही. परंतु त्यानंतर डॉ. झाकिर हुसेन यांच्या तरुणपणाकडे मी पुन्हा एकदा वळलो. ते भारताचे राष्ट्रपती होते, एवढे आपल्या मुलांना शाळेच्या पुस्तकातून ठाऊक असते. हाच प्रश्न त्यांच्यापुढे एकदा नव्हे, दोनदा उभा राहिला होता आणि दोन्ही वेळी त्यांनी निरनिराळी उत्तरे दिली, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

झाकिर हुसेन यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ रोजी हैदराबाद येथे झाला. घराणे मूळचे उत्तर प्रदेशातील फर्रुखाबाद जिल्ह्यातल्या कायमगंजचे, पठाणांचे. वडील फिदा हुसेन हैदराबादेत वकिली करीत. ते १९०७ साली वारले आणि कुटुंब कायमगंजला परतले. झाकिर हुसेन इटाव्याच्या इस्लामिया हायस्कूलमध्ये शिकत असताना आईही साथीत गेली. या पोरक्या मुलाला अलीगढच्या कॉलेजने वाढविले म्हटले तरी चालेल. डॉक्टर व्हावे अशी त्यांची इच्छा होती, त्यासाठी ते लखनौला विज्ञान शिकावयासही गेले. पण आजारपणाने तो बेत मोडला, आणि अलीगढला परतून १९१८ साली ते बी. ए. झाले. पुढे एम. ए.साठी त्यांनी अर्थशास्त्र घेतले. अभ्यास चालू असतानाच कॉलेजात थोडेफार शिकविण्याचे कामही त्यांना मिळाले होते. घरची जबाबदारी होती, विवाह झालेला होता. थोडक्यात, आपल्या समाजातील कोणत्याही पालकाला सुखाची झोप लागावी असा मार्ग त्यांच्यापुढे मोकळा होता.

इतक्यात १९२० साल उजाडले. ऑक्टोबरमध्ये महात्मा गांधी आणि अली बंधू अलीगढला आले. सरकारी मदतीवर चालणारी कॉलेजे सोडा, असे आवाहन त्यांनी केले. सारे विद्यार्थी काही लगेच उठून गेले नाहीत. पुष्कळांनी टिंगलही केली. झाकिर हुसेन यांनी नुसता कॉलेजवर बहिष्कार टाकून घरी बसण्याचे ठरविले नाही. ते दिल्लीला जाऊन हकीम अजमल खान, डॉ. अन्सारी प्रभृतींना भेटले. राष्ट्रीय शिक्षणाची स्वतंत्र संस्था निघणार असेल, तर आम्ही विद्यार्थी व शिक्षक यावयास तयार आहोत, असे त्यांनी सांगितले. २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढमध्येच जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली. उद्घाटन शेखुल हिंद मौलाना महमूद हसन यांच्या हस्ते झाले. मौलाना इतके आजारी होते की त्यांचे भाषण दुसऱ्याने वाचून दाखविले. महिन्याभरात त्यांचा इंतकालही झाला. हकीम अजमल खान कुलपती झाले, मौलाना महंमद अली पहिले शेखुल जामिया, म्हणजे कुलगुरू. वर्ग प्रारंभी तंबूंत भरत. झाकिर हुसेन यांनी एम. ए.चा अभ्यास अर्धवट टाकला आणि या तंबूंत ते शिकवू लागले.

पहिल्या वेळेचे उत्तर हे असे. त्यांनी पदवी सोडली आणि सेवा धरली. आपल्याकडे स्मरणिकांतून आणि भाषणांतून एवढाच भाग सांगतात आणि टाळ्या घेतात. पण गोष्ट येथे संपत नाही.

दोन वर्षे शिकविल्यानंतर झाकिर हुसेन यांना आपली उणीव जाणवू लागली असावी, असे मला वाटते. संस्था राष्ट्रीय, ध्येय उदात्त, पण शिकविणारे स्वतः अर्धवट शिकलेले असतील, तर ती संस्था किती दिवस टिकणार? १९२२ साली ते जर्मनीस गेले आणि बर्लिन विद्यापीठात अर्थशास्त्राचे संशोधन करू लागले. इंग्रजांच्या राज्यात राहणाऱ्या हिंदी तरुणाने ऑक्सफर्ड-केंब्रिज सोडून जर्मनी निवडावी, यातही त्या काळची हवा दिसते. तेव्हा बर्लिनमध्ये वेर्नर झोम्बार्ट आणि शेतीच्या अर्थशास्त्राचे जाणकार माक्स झेरिंग असे नामांकित प्राध्यापक होते. शिक्षणशास्त्रात एदुआर्द श्प्रांगर यांचा बोलबाला होता. झाकिर हुसेन यांनी प्रबंधासाठी ब्रिटिश हिंदुस्थानातील शेतजमिनीची व्यवस्था हा विषय घेतला. जमीनदारी, रयतवारी, सारा, कर्ज हे सगळे प्रश्न आपल्या घरचे. परंतु त्यांची मांडणी करावयाची ती जर्मन भाषेत, आणि जर्मन पद्धतीच्या शिस्तीत. ही भाषाही त्यांना बरीचशी तेथे जाऊनच आत्मसात करावी लागली.

जर्मन विद्यापीठातील डॉक्टरेट म्हणजे काय, हे आपल्या विद्यार्थ्यांनी समजून घेण्यासारखे आहे. नुसता प्रबंध लिहून चालत नसे. प्रबंध प्राध्यापकांनी तपासून स्वीकारल्यानंतर तोंडी परीक्षा असे. तीत मुख्य विषयाबरोबर जोडविषयांतील प्राध्यापकही प्रश्न विचारीत. म्हणजे ज्याने आपल्या प्रबंधापुरतेच वाचले आहे, तो तेथे अडकलाच. आज आपल्याकडे प्रबंध परीक्षकांपुढे मांडण्याच्या दिवशी मुले जी धडधड घेऊन उभी राहतात, तीच धडधड आणि वर परकी भाषा, असा तो प्रसंग.

पण झाकिर हुसेन तेथे केवळ ग्रंथालयात बसून राहिले असते, तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. बर्लिनला गेल्यावरही त्यांनी जामियाचे काम अंगावरून उतरविले नाही. हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यलढ्याविषयी जर्मन लोकांत कुतूहल होते. गांधीजींवर त्यांनी व्याख्याने दिली, आणि १९२४ साली आल्फ्रेड एऱ्हेनराइख या जर्मन सहकाऱ्याबरोबर गांधीजींचा संदेश सांगणारे पुस्तक जर्मन भाषेत प्रसिद्ध केले. ज्या तरुणाचा स्वतःचा प्रबंध अपुरा आहे, त्याने दुसऱ्या पुस्तकाला हात घालावा हे शहाणपणाचे होते काय, असे कोणी विचारील. मी शिक्षक या नात्याने बहुधा नाहीच म्हटले असते. पण त्या पुस्तकासाठी झाकिर हुसेन यांना जर्मनमध्ये रोज लिहावे लागले असणार. त्यांच्या प्रबंधाची भाषा त्या श्रमात घोटली गेली नसेल, असे कोण म्हणेल?

त्या वेळच्या बर्लिनचे दिवसही काही सुखाचे नव्हते. पहिल्या महायुद्धात जर्मनी हरलेली होती आणि १९२३ साली तेथे चलनाचा असा काही घसारा झाला की नोव्हेंबरात एका डॉलरला सुमारे ४ लाख २० हजार कोटी मार्क पडू लागले. पगार मिळताच लोक धावत जाऊन पाव विकत घेत, कारण संध्याकाळी तोच पाव परवडत नसे. परदेशी नाणे ज्यांच्या खिशात होते, त्यांचे त्या काळात बरे चालले. पुढे नवे चलन येऊन भाव स्थिर झाले, तेव्हा परदेशी विद्यार्थ्यांची स्वस्ताई संपली. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून मोठी प्रयोगशाळा कोठे मिळणार होती!

आता गालिबच्या दिवाणाची हकीकत. ही मला सर्वांत प्रिय आहे आणि तिच्यावर थोडे रेंगाळण्याची परवानगी वाचकांनी द्यावी. बर्लिनमध्ये 'कावियानी' नावाचा इराणी लोकांचा छापखाना होता. तेथे फारसी पुस्तके सुबक टाईपात छापली जात. आपल्याकडे उर्दू पुस्तके तेव्हा बहुतेक शिळाछापावर निघत. कातिब हाताने लिहून देई आणि दगडावरून ती पाने उमटत. कागद हलका, शाई पसरट. गालिबसारख्या शायराचा दिवाणही अशाच रूपात वाचकांच्या हाती पडे. झाकिर हुसेन यांच्या मनात आले की मिर्झा गालिबचा दिवाण एकदा देखण्या रूपात, खिशात मावेल अशा आकारात निघावा आणि तो जामियाच्या नावाने निघावा. जामियाकडे पैसा नव्हता हे सांगावयास नकोच. तेव्हा झाकिर हुसेन स्वतः छापखान्यात जाऊन खिळे जुळवू लागले.

ज्यांनी खिळ्यांचा छापखाना पाहिला आहे, त्यांना या कामाची कल्पना येईल. देवनागरीची केस अवघड म्हणतात; अरबी-फारसी लिपीत तर बहुतेक अक्षरांचे शब्दाच्या आरंभी, मध्ये, शेवटी आणि सुटे असे वेगवेगळे आकार. प्रत्येकाचा खिळा वेगळा, त्याचा खण वेगळा. खिळ्यावरचे अक्षर उलटे. एक खिळा चुकला की शेर मोडला, आणि गालिबचा शेर मोडलेला चालत नाही! सराईत जुळाऱ्यालाही घाम फोडणारे हे काम एक डॉक्टरेटचा विद्यार्थी करीत होता. हा दिवाण १९२५ साली बर्लिनहून प्रसिद्ध झाला. प्रबंध पुरा करण्याचाही काळ तोच. हकीम अजमल खान 'शैदा' या नावाने शायरी करीत. त्यांचा दिवाणही याच मंडळींच्या खटपटीने कावियानी छापखान्यातून निघाला. हाताने काम करण्यात विद्वानाला कमीपणा नाही, ही गोष्ट झाकिर हुसेन पुढे जन्मभर सांगत राहिले. ती त्यांनी जर्मन शिक्षणतज्ज्ञांच्या ग्रंथांतून घेतली असे विद्वान म्हणतात, आणि म्युनिकच्या केर्शेनश्टाइनर यांचा प्रभाव त्यांनी नाकारलेलाही नाही. पण बोटांना लागलेली छापखान्याची शाई त्या तत्त्वज्ञानात कितपत मुरली असेल, याचा विचार कोणी केलेला माझ्या वाचनात नाही.

इकडे हिंदुस्थानात मात्र जामियावर गदा येत होती. चौरीचौऱ्याच्या प्रकारानंतर फेब्रुवारी १९२२ मध्ये असहकार चळवळ मागे घेतली गेली होती. मार्च १९२४ मध्ये तुर्कस्तानच्या राष्ट्रीय सभेने खिलाफतच रद्द केली. ज्या खिलाफत चळवळीच्या निधीवर जामिया चालत होती, तो झराच आटला. शिक्षकांचे पगार थकले. अलीगढच्या उत्साहाच्या दिवसांत आलेले पुष्कळ विद्यार्थी जुन्या कॉलेजांत परत गेले. आता जामिया बंद करावी काय, असा विचार विश्वस्त करू लागले. हकीम अजमल खान यांनी पदरचे पैसे घातले. गांधीजींनी, जामिया बंद होता कामा नये, पैशाची अडचण असेल तर मी झोळी घेऊन फिरेन, असा धीर दिला. १९२५ साली जामिया अलीगढहून दिल्लीत करोलबागेत हलविण्यात आली.

बंद करण्याच्या या वार्ता बर्लिनला पोचल्या. आणि येथे झाकिर हुसेन यांच्यापुढे तोच जुना प्रश्न दुसऱ्यांदा उभा राहिला. पाच वर्षांपूर्वी ज्या संस्थेसाठी त्यांनी एम. ए. सोडली, ती संस्थाच आता बुडत होती. १९२०चा न्याय लावला, तर त्यांनी प्रबंधाचे कागद गुंडाळून पहिली बोट धरावयास हवी होती. तसे त्यांनी केले नाही. त्यांनी कळविले ते इतकेच, की मी आणि माझे काही सोबती जामियासाठी आयुष्य द्यावयास तयार आहोत, आम्ही परत येईपर्यंत जामिया बंद करू नका. त्या वर्षी हकीमसाहेब युरोपात आले असताना त्यांची व या तरुणांची प्रत्यक्ष भेटही झाली. वचन दिले गेले, वचन घेतले गेले. मग झाकिर हुसेन आपल्या प्रबंधाकडे वळले आणि तो त्यांनी पुरा केला.

१९२० साली अभ्यास सोडणे बरोबर होते, मग १९२५ साली न सोडणे चूक होते काय? मला तसे वाटत नाही. १९२०मध्ये प्रश्न संस्था जन्माला घालण्याचा होता; तेथे त्या दिवशी माणसे हजर हवी होती, आणि उद्या येतो म्हणणाऱ्याचा उपयोग नव्हता. १९२५मध्ये प्रश्न संस्था टिकविण्याचा होता. टिकविण्यासाठी आणखी एक अर्धशिक्षित स्वयंसेवक येऊन काही होणार नव्हते. तयार माणूस हवा होता. झाकिर हुसेन सहा महिने आधी रिकाम्या हाताने आले असते, तर जामियाला एक उमदा कार्यकर्ता मिळाला असता, पण कदाचित कुलगुरू मिळाला नसता. हे माझे मत आहे, आणि ते चूक असू शकेल. त्या मधल्या महिन्यांत करोलबागेत जे शिक्षक पगाराविना राहिले, त्यांच्या दृष्टीने बर्लिनचे वचन हे दुरून दिलेले वचनच होते. त्यांची नावे आपल्याला ठाऊकसुद्धा नाहीत. त्यांनी ते महिने रेटले नसते, तर प्रबंध पुरा करून झाकिर हुसेन कोणत्या संस्थेत परतणार होते?

आपल्या महाराष्ट्रातही याच काळात अशीच एक कसोटी चालली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले, मार्चमध्ये माणगावची परिषद गाजविली, आणि जुलैत ते अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी लंडनला निघून गेले. त्यांच्यामागे 'मूकनायक' फार काळ तग धरू शकले नाही. ही किंमत मोठी होती. त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांनी पहिल्या फेरीत फेरफारासाठी परत केला, तोही त्यांनी सुधारून पुन्हा पाठविला आणि १९२३ साली लंडनची डी. एस्सी. मिळविली. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, ती अशा पुऱ्या तयारीच्या माणसाच्या हातून. दोघांचे मार्ग पुढे फार वेगळे झाले, पण प्रबंध अर्धा टाकावयाचा नाही, एवढ्या बाबतीत बर्लिनचा विद्यार्थी आणि लंडनचा विद्यार्थी एकाच पंगतीचे.

पुन्हा बर्लिनकडे वळू. झाकिर हुसेन तेथे एकटे नव्हते, हे विसरून चालणार नाही. आबिद हुसेन हे श्प्रांगर यांच्या हाताखाली हर्बर्ट स्पेन्सरच्या शिक्षणविचारावर प्रबंध लिहीत होते. महंमद मुजीब ऑक्सफर्डचे शिक्षण संपवून मुद्रणकला शिकण्यासाठी बर्लिनला आले होते. त्या वेळी ते जेमतेम २२-२३ वर्षांचे. हे तिघे एकमेकांना धरून होते. गेर्डा फिलिप्सबोर्न या ज्यू घराण्यातील जर्मन बाईंची ओळखही याच वर्तुळातली. पुढे त्या स्वतः जामियात आल्या, तेथील लहान मुलांत रमल्या आणि १९४३ साली दिल्लीतच वारल्या. जामियाच्या मुलांसाठी त्या आपाजान होत्या. सेवा आणि अभ्यास यांचा मेळ एकट्याच्या बुद्धीने बसत नाही, त्याला असे सोबती लागतात. रात्रवर्गाच्या त्या मुलाच्या बाबतीतही खरी अडचण तीच होती. त्याचे गणिताचे तास सहा आठवडे दुसरा कोणी घेईल काय, हे आम्ही वडील मंडळींनी त्याला कधी विचारलेच नव्हते. त्याच्यावर काम टाकून आम्ही मोकळे झालो होतो. हा दोष त्याचा नाही, आमचा.

फेब्रुवारी १९२६ मध्ये हे तिघे मित्र एकाच बोटीने मायदेशी निघाले. दिल्लीत आल्यावर जामिया म्हणजे करोलबागेतील काही भाड्याची घरे, थोडे विद्यार्थी आणि पुष्कळ कर्ज, असे चित्र त्यांना दिसले. झाकिर हुसेन शेखुल जामिया झाले तेव्हा त्यांचे वय २९ वर्षांचे होते. पगाराची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. आबिद हुसेन आणि मुजीब यांना दरमहा ३०० रुपये आणि झाकिर हुसेन यांना १०० रुपये असे ठरले होते. संस्थेला ते झेपणार नाही हे कळताच दोघा मित्रांनी आपले वेतन १०० रुपयांवर आणले. ते पाहून झाकिर हुसेन यांनी आपले ८० केले! तेही दर महिन्याला हातात पडत असे असे नाही. युरोपातील विद्यापीठाची पदवी घेतलेल्या माणसाला तेव्हा सरकारी खात्यात किंवा संस्थानात काय मिळाले असते, याचा हिशेब पालकांनी आपापल्या मनाशी करून पाहावा. त्या पदवीचा त्यांनी बाजारात सौदा केला नाही, हे खरे. परंतु ती पदवी होती म्हणूनच त्यांच्या ८० रुपयांना वजन होते. ज्याला दुसरे काही मिळण्यासारखेच नाही, त्याच्या त्यागाकडे समाज फारसे पाहत नाही. हे कडू आहे, पण तसे आहे.

कामाच्या आरंभीच त्यांनी जे हाती घेतले, ते होते प्रौढांसाठी संध्याकाळचे वर्ग. बर्लिनच्या डॉक्टरसाहेबांनी दिल्लीच्या कारागिरांना आणि दुकानदारांना अक्षरओळख करून देण्याची व्यवस्था केली. हेच काम वाढत जाऊन १९३८ साली 'इदारा-ए-तालीम-ओ-तरक्की' ही स्वतंत्र शाखा निघाली. आमच्या संस्थेचे रात्रवर्ग चालविणाऱ्यांनी आपली वंशावळ येथपर्यंत नेण्यास हरकत नाही.

डिसेंबर १९२७ मध्ये हकीम अजमल खान वारले, आणि जामियाचा शेवटचा मोठा आधारही गेला. त्यानंतर १९२८ साली शिक्षकांनी एक अंजुमन स्थापून प्रतिज्ञा केली. वीस वर्षे जामियाची सेवा करावयाची, आणि दरमहा १५० रुपयांहून अधिक वेतन मागावयाचे नाही. झाकिर हुसेन यांचा प्रबंधाचा विषय शेतीव्यवस्था हा होता, पण त्यांचे आयुष्य शिक्षणात गेले. तरी ते अर्थशास्त्र वाया गेले असे नाही. १९३७च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला गांधीजींनी राष्ट्रीय शिक्षणाची परिषद बोलाविली. खेड्यातील शाळेत हस्तोद्योग कसा आणावा, मुलाने कातलेल्या सुताचा शिक्षणाशी आणि शाळेच्या खर्चाशी काय संबंध, असे प्रश्न तेथे निघाले. अभ्यासक्रम तयार करण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद झाकिर हुसेन यांच्याकडे आले. विनोबा, काकासाहेब कालेलकर हे त्या समितीचे सभासद होते. परिषदेत झाकिर हुसेन गांधीजींच्या प्रत्येक म्हणण्याला मान हलवीत बसले नाहीत. शाळा मुलांच्या कमाईवर चालवू लागलो तर शिक्षक मुलांकडून राबवून घेतील, ही भीती त्यांनी स्पष्ट बोलून दाखविली. परीक्षकांपुढे आपला प्रबंध उभा करून दाखविलेला माणूस महात्म्यापुढेही आपले म्हणणे उभे करू शकतो. समितीने डिसेंबरात अहवाल दिला, आणि 'नई तालीम' म्हणून आपण जी ओळखतो तिचा आराखडा देशापुढे आला.

वीस वर्षांचे वचन त्यांनी पाळले. १९४८ साली जामिया मुजीब यांच्या हाती सोपवून ते अलीगढला कुलगुरू म्हणून गेले. ज्या कॉलेजातून १९२०मध्ये एम. ए. अर्धी टाकून बाहेर पडले होते, त्याच ठिकाणी. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपतिपदावर असताना त्यांचे निधन झाले. त्यांची कबर जामियाच्या आवारात आहे.